यंत्र घेण्याआधी वायर बघा



बचत गटाच्या कर्जातून आता घरोघरी पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र येतंय. चांगलंच आहे. पण यंत्र आलं की बऱ्याचदा ते टीव्हीच्या नाहीतर पंख्याच्या बोर्डाला जोडतात. त्या बोर्डाची वायर असते दिव्या-पंख्यापुरती. म्हणून आज वायरच्या जाडीबद्दल बोलू.

वायरीला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढली की ती तापते. वरचं प्लास्टिक मऊ पडतं, वितळतं, मग आग लागायला वेळ लागत नाही. हे भिंतीच्या आत चालतं, आपल्याला दिसत नाही.

वायर किती जाड हवी, ते यंत्रावर लिहिलेल्या वॅटवरून कळतं. वॅटला 230 ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. 2000 वॅटची शेगडी जवळजवळ 9 अँपिअर घेते. म्हणजे 9 वॅटचे दोनशेहून जास्त दिवे एकदम लावल्यासारखं! मोटार तर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते.

दुकानात दीडची, अडीचची, चारची वायर मिळते. हा आकडा चौरस मिलिमीटरचा. तांब्याच्या वायरीचा साधा हिशेब असा: दिवे-पंख्यांना दीडची. घरगुती गिरणी, शेगडी, गिझर यांच्या 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगला अडीचची, तीही प्रत्येकाला वेगळी. शेड मीटरपासून लांब असेल तर चारची. लांबच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटार तापते.

फ्यूज उडतो तो घर वाचवायला. त्यात जाड तार घालू नका. अडीचच्या वायरीला 16 अँपिअरचा एमसीबी लावा. सारखा पडतो म्हणून 32 चा बसवला, तर एमसीबी पडायच्या आधी वायर जळेल. आणि अर्थिंगशिवाय यंत्र चालू करूच नका.

यंत्राचं कोटेशन घ्याल तेव्हाच परवाना असलेल्या वायरमनकडून वायरिंगचा खर्च लिहून घ्या आणि कर्जाच्या अर्जात धरा. वीजबिलावरचा मंजूर भार पुरतो का, तेही त्याला विचारा. वायर घेताना तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि आकडा स्वतः वाचा.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एवढं एकमेकींना विचारा: ताई, तुमच्या गिरणीला वायर कितीची आहे?