वेगळे मूल आणि चित्रांचे पुस्तक

(बालग्रंथालय उघडतेवेळी पालकांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या निमित्ताने सभागृहालगतच्या खोलीत मुलांकरिता जी पुस्तके मांडली आहेत, त्यांतील काही सचित्र गोष्टी अशा आहेत की त्यांचा नायक इतरांसारखा नाही. त्यांविषयी चार शब्द बोलावे, अशी चालकमंडळींची आज्ञा झाली. हा विषय पोरकट आहे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु आपल्या आळीत कोणाचे नाव काळ्या पडते, कोणाचे लंगड्या, कोणाचे तोतऱ्या, आणि बाप्तिस्म्याचे सुंदर नाव नोंदवहीत तसेच पडून राहते, हे आपण सारे जाणतो. नावे ठेवणारे दुष्ट नसतात. ते विनोद करतात. ज्याला ते नाव मिळाले त्याला मात्र तो विनोद जन्मभर वागवावा लागतो.

अशा मुलाच्या हाती आपण बहुधा पहिली गोष्ट देतो ती कुरूप बदकपिलाची. डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन अँडरसन ह्यांनी ती १८४३ साली प्रसिद्ध केली. मोच्याचा मुलगा, आई लोकांचे कपडे धुणारी. उपेक्षा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. कथा गोड आहे, आणि तिने अनेकांचे अश्रू पुसले आहेत, हे मी नाकारीत नाही. तथापि तिचा शेवट नीट पाहा. पिलाचे दुःख संपते केव्हा? ते राजहंस ठरते तेव्हा. बदकांनी त्याला कुरूप असतानाच जवळ केले, असे घडत नाही. कुरूपताच नाहीशी होते. मग ज्या मुलाचा पाय जन्मतः आखूड आहे, ज्याची जीभ प्रत्येक शब्दावर अडते, त्याने कोणत्या वसंत ऋतूची वाट पाहावी? शिवाय ते पिलू राजहंस होते, कारण ते राजहंसाच्याच अंड्यातून निघालेले. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची खोड ज्या देशात इतकी जुनी, तेथे हा आधार तर अधिकच जपून घ्यावा.

दुसरे पुस्तक एल्मर नावाच्या हत्तीचे. इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड मॅकी ह्यांनी ते १९६८ साली काढले व १९८९ साली नव्याने सजविले. ह्या पुस्तकाशी आपल्या देशाचा एक दुःखद धागा जुळतो. मॅकी ह्यांच्या पत्नीच्या रक्तात भारतीय अंश होता, आणि इंग्लंडातील एका रस्त्यावर त्यांच्या लहान मुलीला वर्णावरून कोणी अपशब्द उच्चारला. बापाने त्याचे उत्तर रंगीबेरंगी हत्ती काढून दिले. गोधडीसारख्या ठिगळाठिगळांच्या अंगाचा हा एल्मर एके दिवशी फळांच्या रसाने स्वतःला करडा करून घेतो व कळपात येऊन उभा राहतो. त्याला कोणी ओळखीत नाही. सारे इतके गंभीर, इतके स्तब्ध, की त्याला हसू आवरत नाही व तो मोठ्याने ओरडतो. पुढे पाऊस येतो आणि रंग धुऊन जातो. कळपाने त्याला कधीच टाकले नव्हते. शंका त्याच्याच मनात होती. हे फार खरे आहे. फक्त एक गोष्ट मला खटकते. एल्मर सर्वांना हसवितो, म्हणून तो हवाहवासा. जे मूल कोणालाच हसवू शकत नाही, त्याचे काय?

त्याकरिता तिसरे पुस्तक आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत थोर. अमेरिकेचे मन्रो लीफ ह्यांनी ते लिहिले, रॉबर्ट लॉसन ह्यांनी त्याची चित्रे केवळ काळ्या शाईने काढली, आणि १९३६ साली ते बाहेर पडले. फर्डिनंड हा स्पेनमधील एक गोऱ्हा. बरोबरीचे सारे झुंजण्यात दंग. हा मात्र ज्याच्या सालीची बुचे करतात त्या झाडाखाली बसून फुले हुंगतो. (चित्रकाराने तयार बुचेच द्राक्षांच्या घोसांप्रमाणे फांद्यांना लोंबकळत ठेवली आहेत, मुलांना हे प्रथम दाखवा.) आईला चिंता पडते, पोर एकटे तर नाही ना? ती त्याला विचारते. तो सांगतो, मला असेच बरे वाटते. ती गाय असूनही समजूतदार होती, असे लेखक म्हणतो, आणि ती त्याला बसू देते. पुढे मधमाशी डसल्याने तो उधळतो, माद्रिदचे लोक त्याला झुंजार समजून नेतात, आणि भर आखाड्यात तो स्त्रियांच्या केसांतील फुलांचा वास घेत बसतो. शेवटी त्याला घरी परत आणतात. तो सुंदर होत नाही, उपयोगी पडत नाही, कोणाला हसवीतही नाही.

अशाने मुलगे भेकड होतील, अशी भीती काही पित्यांनी बोलून दाखविली आहे. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की त्याच वर्षी जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते, आणि पुढे फ्रँकोच्या राजवटीत हे पुस्तक तेथे निषिद्ध ठरले. भेकडपणा शिकविणाऱ्या पुस्तकाचे हुकूमशहाला भय वाटत नसते.

आईने आधी विचारले, मग ऐकले, मग गप्प राहिली. आपल्याकडे क्रम उलटा असतो. मूल घरात बसते, की लगेच मामा, शेजारीण, शिक्षक, एवढेच काय, आम्ही धर्मगुरूसुद्धा, उपदेशास सिद्ध!

आता व्यवस्थेविषयी. ही पुस्तके वेगळ्या मुलाला एकट्याला बोलावून “हे तुझ्यासाठी” म्हणून देऊ नयेत. तेही बोट दाखविणेच होय. सर्व मुलांना एकत्र बसवून वाचावी, आणि नावे ठेवण्यात जे पटाईत त्यांना पुढच्या रांगेत जागा द्यावी. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. तेव्हा थोरल्या बहिणींनी व आज्यांनी चित्रे दाखवीत आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. खोली शनिवारी दुपारी उघडी राहील. फर्डिनंडच्या दोन प्रती आहेत. एक घरी नेता येईल, एक तेथेच राहील. पान फाटल्यास दंड नाही, डिंकाची बाटली कपाटात ठेवली आहे.