सहाशे स्वार आणि कानपूरचा घाट



वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने १९३६ साली ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ हा भव्य युद्धपट काढला. त्याची कथा अशी : हिंदुस्थानच्या सीमेवरील सूरतखान नावाचा अमीर चुकोटी येथील इंग्रज ठाण्यास अभय देऊन बायकामुलांची कत्तल करवितो व पुढे रशियनांस जाऊन मिळतो. सूड उगवावा म्हणून नायक वरिष्ठांचा हुकूम परस्पर बदलतो आणि इंग्रज घोडदळ बालाक्लाव्हाच्या खोऱ्यात तोफांवर तुटून पडते. चित्र मोठे वेधक आहे. पण त्यात इतिहास किती?

बालाक्लाव्हाची लढाई क्रिमियात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी झाली. जिंकलेल्या मोर्चांतील तोफा रशियन ओढून नेत आहेत, असे सेनापती लॉर्ड रॅग्लन यास उंचावरून वाटले. ते रोखा, असा लेखी हुकूम त्याने कॅप्टन नोलनबरोबर धाडला. खाली उभ्या असलेल्या लॉर्ड ल्यूकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्याने विचारताच नोलनने हात केला तो खोऱ्याच्या टोकाकडे! ल्यूकन आणि कार्डिगन हे नात्याने मेहुणे, पण दोघांत विळ्याभोपळ्याचे सख्य. कार्डिगनच्या मागे सुमारे ६७० स्वार दौडत गेले. समोर तोफा, दोन्ही बगलांस तोफा. शंभरावर स्वार ठार झाले. नोलन तर आरंभीच पडला. येथे सूड नव्हता. होता तो एक संदिग्ध हुकूम.

मग चुकोटी कोठून आली? कानपूरच्या हकिकतीशी तिचे साम्य उघड आहे. तेथे २७ जून १८५७ रोजी सतीचौरा घाटावर शरणागतांवर गोळीबार झाला आणि १५ जुलैस बीबीघरात सुमारे दोनशे बायकामुले मारली गेली. म्हणजे बालाक्लाव्हानंतर पावणेतीन वर्षांनी! चित्रपटाने कार्य आधीचे आणि कारण नंतरचे, अशी उलटापालट केली आहे.

कानपूरचे नायक नानासाहेब पेशवे मूळचे आपल्याच बाजूचे. कल्याणहून कर्जतकडे गेले की वेणगाव लागते. तेथे १८२४ साली त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांस दत्तक घेतले. १८५१ साली बाजीराव वारले व त्यांचे सालीना आठ लाखांचे वेतन कंपनी सरकारने बंद केले. दाद मागण्यास नानासाहेबांनी अझिमुल्लाखानास विलायतेस पाठविले. यश न येता तो परतताना १८५५ साली क्रिमियात उतरला. ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल त्यास तेथे भेटला होता; पुढे त्याने ती भेट लिहून ठेविली आहे. सेव्हास्टोपोलपुढे अडून पडलेली इंग्रज फौज अझिमुल्लाने डोळ्यांनी पाहिली. क्रिमिया आणि कानपूर यांना जोडणारा खरा दुवा हा आहे!

बीबीघरातील हत्येचे समर्थन कोणी करू नये; तो हुकूम कोणाचा, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु त्याच जून महिन्यात, सतीचौऱ्याच्याही आधी, अलाहाबादेस कर्नल नीलने सरसहा माणसे फासावर चढविली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. एक रक्त दाखवावे व दुसरे झाकावे, याला इतिहास म्हणत नाहीत. आपल्या मुलांनी असे चित्रपट अवश्य पाहावेत. मात्र घरी आल्यावर तारखांचा क्रम त्यांच्याकडून एकदा लावून घ्यावा. सूडाची पुष्कळशी कथानके तेवढ्यानेच कोसळतात.