हौस



आज एका दोन अक्षरी शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'हौस'.

मनापासूनच्या आवडीला मराठीत शब्दांची वाण नाही. छंद, नाद, वेड, असे कितीतरी आहेत. पण त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं जरा कान देऊन ऐका. छंद जडतो. नाद लागतो आणि लागला की सुटता सुटत नाही. वेडही लागतं. ज्याला लागतं, त्याचं ते एकट्याचं असतं. हौस मात्र पुरवली जाते, आणि पुरवायला बहुतेक वेळा दुसरं माणूस लागतं. आजोबा नातवाची हौस पुरवतात, सासर सुनेची हौस करतं. छंद दुसऱ्याचा आपण करू शकत नाही, हौस करू शकतो.

हा शब्द मूळचा अरबी, 'हवस'. तिथे त्याचा अर्थ झपाटलेपण, वेड. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, तो मराठीत मिसळून गेलेल्या अशाच शब्दांचा. हिंदीत 'हवस' म्हणजे वासना. चारचौघांत तो शब्द जपून वापरावा लागतो. मराठीत मात्र तोच शब्द देवघरापासून माजघरापर्यंत निःसंकोच वावरतो. डोहाळजेवणाची हौस, बारशाची हौस, पहिल्या दिवाळसणाची हौस. जत्रेला जाणाऱ्यांचे आपण हौसे, नवसे आणि गवसे असे तीन प्रकार करतो. नवसे नवस फेडायला जातात, गवसे काही गवसतं का ते पाहायला. हौसे नुसत्या आनंदासाठी जातात, आणि आपल्या बोलण्यात पहिला मान त्यांचाच!

हौस म्हणजे काय, हे मला माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात कळलं. पौषातली पहाट, कडक थंडी. शेगडीवर परात, परातीत मूठभर तीळ आणि शेजारी वाटीत साखरेचा पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. आच वाढली तर दाणा पिवळा पडतो, हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढुरके झाले. तिसऱ्या दिवशी हलव्याला काटा फुटला. मावशीची बोटं तोवर लाल झाली होती. मग तो हलवा दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, कंबरपट्टा. सुनेची पहिली संक्रांत होती. काळ्या साडीवर ते दागिने दोन-तीन तास मिरवायचे, एवढंच.

मी म्हटलं, "मावशी, हे बाजारात तयार मिळतात."

ती म्हणाली, "मिळतात रे. पण माझ्या पहिल्या संक्रांतीला घरात सुतक होतं. माझी हौस राहून गेली. हिची राहू नये."

'हौस राहून गेली.' मराठीतलं हे फार हळवं वाक्य आहे. आपलं राहून गेलं की माणूस कडवट होऊ शकतो. 'आम्हाला कुठं मिळालं?' असं म्हणून पुढच्यासाठी हात आखडता घेऊ शकतो. मावशीनं तेच राहून गेलेलं दुसऱ्याच्या अंगावर फुलवलं. संध्याकाळी सून दागिने घालून पाटावर बसली, तेव्हा मावशी म्हणाली, "फिटली बाई माझी हौस." फिटणं हे क्रियापद आपण ऋणासाठीही वापरतो. तिच्या तोंडी ते किती चपखल बसलं होतं!

याच शब्दापासून 'हौशी' आला. राज्य नाट्य स्पर्धेचं नावच 'हौशी मराठी नाट्य स्पर्धा' असं आहे. दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात राबून रात्री तालमीला उभी राहणारी माणसं तिथे नाटक करतात. पुष्कळदा 'हौशी' म्हणजे कच्चा, असा अर्थ घेतला जातो. मला तो मान्य नाही. मिळकतीचा हिशेब न मांडता जो जीव ओततो, तो हौशी. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो ते याच अर्थानं.

गरजेला 'कशाला?' असं विचारता येतं, हौसेला विचारू नये. त्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, तुमची कोणती हौस राहून गेली? ती बहुधा फार लहान असते, आणि अजूनही पुरवता येण्याजोगी असते.