रविवारची पहाट आणि बर्फावरची हॉकी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात व्यक्त केलेले मनोगत)



सेक्रेटरींनी 'तुमच्या छंदांवर बोला' म्हणून सांगितलं. एक छंद तुम्हाला माहीतच आहे. रविवारी पहाटे साडेपाचला गेटपासून दहा किलोमीटर धावायला निघणारा आपला ग्रुप. दुसरा ऐकून पुष्कळांना हसू येतं : आइस हॉकी! मैदान बर्फाचं, पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची चकती.

माझी लेक टोरांटोला असते. तिथे शनिवारची संध्याकाळ म्हणजे हॉकी. सामना सातला सुरू होतो आणि हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले रविवारचे पहाटेचे साडेपाच. दोन्ही कार्यं एकाच मुहूर्तावर! खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा, पण मध्यंतरं धरून अडीच तास सहज जातात.

कोणी म्हणेल, एक सोडा. नाही सोडवत. आमची ही गेल्यावर घर खायला उठायचं. धावण्याने मला घराबाहेर काढलं आणि हॉकीने नातवाशी जोडलं. त्याचं मराठी अडखळतं, पण 'मेपल लीफ्स'चा गोल आजोबांना समजावताना गाडी सुसाट सुटते. त्याच्या या संघाने स्टॅनले कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. माझी लेकही तेव्हा जन्मली नव्हती! तरी दर ऑक्टोबरला त्याची आशा नवी.

मग तोड काढली. रविवारी मी धावायला येतो, फोन घरीच ठेवतो. नातू मला निकाल कळवत नाही. परत आल्यावर मध्यंतरं गाळून रेकॉर्डिंग बघतो आणि नऊच्या सुमारास फोन करतो. तिथे शनिवारची रात्र, त्यामुळे त्यालाही जागायची मुभा.

एप्रिलमध्ये बाद फेरी आली की नियम उलटा. तिथली घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, म्हणून सातचा सामना आपल्याकडे साडेचारला. बरोबरी झाली तर गोल होईपर्यंत जादा वेळ! अशा दिवशी मी धावत नाही, संध्याकाळी नुसता चालतो. सत्तरीनंतर अपुऱ्या झोपेवर लांब धावणं म्हणजे मुदत ठेव मोडून रोजचा खर्च भागवणं.

हे शहाणपण मला हॉकीनेच दिलं. गोलकीपर सोडला तर खेळाडू पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर येऊन बसतो. लगेच दुसरा बर्फावर उतरतो. बसणाऱ्याला कोणी कच्चा म्हणत नाही. आपल्या ग्रुपमधले काही ज्येष्ठ मात्र गुडघे दुखत असतानाही 'एक दिवस चुकवला नाही' असं अभिमानाने सांगतात. त्यांना हात जोडून सांगतो, बाकावर बसणं हाही खेळाचाच भाग आहे. पुढची दहा वर्षं धावायचंय ना आपल्याला?

तेव्हा मंडळी, एप्रिलात पहाटे साडेचारला माझ्या खिडकीत दिवा दिसला, तर वॉचमनला वर पाठवू नका. आजोबा-नातू मॅच बघतायत असं समजा.