सोनेगाव चिखलदऱ्याहून उंच

दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही लेहहून परत निघालो होतो. विमान सकाळी सातचं. पण दिल्लीहून येणारं विमानच उशिरा आलं आणि अकरा वाजले. ऊन चांगलंच चढलं होतं. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, ‘सर, तुमची बॅग उद्याच्या विमानानं येईल. आज वजन जास्त होतंय.’ मी हुज्जत घातली. सातला हेच विमान, हीच माणसं आणि ह्याच बॅगा घेऊन उडणार होतं ना? मग चार तासांत बॅग जड झाली का? ती म्हणाली, ‘बॅग नाही सर, हवा हलकी झाली.’

वैमानिक ज्याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात, आपण घनता-उंची म्हणू, ती मला त्या मुलीनं तीन शब्दांत समजावली होती. तेव्हा मला ते उद्धट उत्तर वाटलं, हा भाग वेगळा.

लेहचा विमानतळ 10,682 फुटांवर आहे आणि हा आकडा काही सकाळ-दुपार बदलत नाही. पण विमानाला जमिनीच्या उंचीशी देणंघेणं नसतं. पंखाला कळते ती फक्त हवा किती दाट, किती विरळ एवढंच. हवा तापली की पसरते, विरळ होते, आणि विमानाला वाटतं आपण आणखी वर आलो.

किती वर, ते बोटांवर मोजता येतं. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला 15 अंश धरतात आणि दर हजार फुटांना साधारण दोन अंश वजा करतात. म्हणजे लेहला उणे सहा अंश हवेत. प्रत्यक्षात जितके अंश जास्त असतील, त्यांना 120 नं गुणायचं आणि येणारे फूट उंचीत मिळवायचे. सकाळी सातला 10 अंश असतील, तर विमानाच्या लेखी लेह साडेबारा हजार फुटांच्या वर गेलं. अकराला 24 अंश झाले, की सव्वाचौदा हजार. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी भरते.

आता हेच गणित आपल्या नागपूरला लावून बघा. सोनेगावची धावपट्टी हजारएक फुटांवर. मे महिन्यात पारा 45 वर गेला, की घनता-उंची पावणेपाच हजारांच्या पुढे जाते. उन्हाळ्यात आपण जीव मुठीत धरून चिखलदऱ्याला पळतो. ते साडेतीन हजारांच्या थोडं वर. विमानाच्या हिशेबानं आपण घरी बसल्या बसल्याच त्याच्याहून उंच असतो, फक्त गारवा तेवढा मिळत नाही!

आणखी एक गंमत. पावसाळ्याच्या तोंडावर आपण म्हणतो, ‘हवा किती जड झालीय.’ खरं तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. फरक उष्णतेइतका मोठा नाही, पण आपली म्हणण्याची रीत अगदी उलटी, एवढं खरं.

विरळ हवेत विमानाची तिहेरी पंचाईत होते. पंखाला आधार कमी मिळतो, इंजिनाला श्वास कमी पडतो, आणि पंख्याचं विमान असेल तर पंख्याच्या पात्यांना रेटायला हवाच थोडी. लेहच्या त्या दुपारी उडण्यासाठी जमिनीवरचा वेग समुद्रकाठापेक्षा सुमारे पाव हिश्शानं जास्त लागतो, आणि तो गाठायला इंजिनाचं बळ मात्र कमी. मग धावपट्टी लांबत नाही म्हटल्यावर काय कमी करायचं? माझी बॅग.

नव्या वैमानिकाची फसगत व्हायची ती निराळीच. वेग दाखवणारा काटा हवेच्याच दाबावर चालतो, म्हणून तो नेहमीचाच आकडा दाखवतो. खिडकीबाहेर मात्र जमीन भलत्याच वेगानं पळत असते. डोळ्यांवर भरवसा ठेवून ज्यानं दांडी लवकर ओढली, त्याचं विमान जेमतेम उचलतं आणि पुन्हा खाली बसू पाहतं.

बंदुकीच्या गोळीचं मात्र बरोबर उलटं. जी विरळ हवा विमानाला छळते, ती गोळीला वाट मोकळी करून देते. अडवणूक कमी, म्हणून गोळी लांब जाते, वाटेत कमी खाली येते, वाऱ्यानंही कमी ढळते. नेमबाजीच्या स्पर्धेत दहा मीटरवर हे जाणवायचंही नाही. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटरवर कांस्यपदक मिळवलं, तिथेही हा फरक नगण्यच. पण हजार मीटरवर? मैदानात नेम बसवलेली रायफल लडाखात नेली, की गोळी लक्ष्याच्या वरून निघून जाते.

‘गोलंदाज’ हा शब्द आपण क्रिकेटला देऊन टाकला; मूळचा तो तोफेवरचा माणूस. देवळालीच्या तोफखाना केंद्रात शिकलेला गोलंदाज नुसत्या अंतरावर तोफ लावत नाही. वरच्या हवेची खबर फुग्याकडून येते, दारूचं तापमान तो थर्मामीटरनं बघतो, कारण गारठलेली दारू गोळा जरा हळू फेकते. म्हणजे डोंगरावरची विरळ हवा पल्ला वाढवते आणि तिथलीच थंडी तो थोडा कापते. 1999 च्या युद्धात द्रास-कारगिलमध्ये बोफोर्स तोफेचा पल्ला मैदानातल्यापेक्षा बराच वाढला. तो वाढणं हा फायदा. पण किती वाढला ते नेमकं ठाऊक नसेल, तर गोळा शिखरावरच्या ठाण्याऐवजी पलीकडच्या दरीत.

माझी बॅग, बरं का, दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला घरी पोचली. सकाळच्या पहिल्या विमानानं निघाली होती. आतले जर्दाळू तेवढे चेपले होते.