सड्यावरची शाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या शाळेत बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी ऋणी आहे. गोव्यातील प्राथमिक वर्गांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून लहान मुलांच्या निसर्ग-सहलींविषयीच चार शब्द बोलावे, असे ठरवले. आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो.

पावसाळ्याचे दिवस होते. तिसरीतील एक मुलगी मधल्या सुटीत शाळेमागच्या सड्यावरून मातीसकट एक इवलेसे रोप घेऊन आली. म्हणाली, "सर, ह्याच्या पानाला माशी चिकटलीय. ती सुटत का नाही?" मी म्हणालो, "आधी हात धुऊन ये." रोप खिडकीबाहेर गेले. पुढे त्याच मुलांना मी बसने एक दूरचे धरण दाखवून आणले आणि निबंध लिहावयास सांगितला. वह्यांत बस होती, गाणी होती, बटाटेवडे होते. धरण मात्र नावापुरतेच होते.

कित्येक वर्षांनी वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांबरोबर त्याच सड्यावर फिरताना मला उमगले, की ते रोप दवबिंदूचे होते. पानावरील चिकट थेंबांनी किडे पकडून ते पचवणारी ही वनस्पती. तिच्याच कुळातील एका वनस्पतीवर चार्ल्स डार्विनने दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डार्विनला ज्याने खिळवून ठेवले, त्यानेच तिसरीतील त्या मुलीलाही थांबवले होते. तिच्या शिक्षकाने मात्र तो प्रश्न खिडकीबाहेर टाकला.

त्यानंतर मी दूरच्या सहलींचा हट्ट सोडला आणि मुलांना सड्यावर नेऊ लागलो. एकदा नव्हे, वर्षातून तीनदा, त्याच जागी.

पहिली फेरी जूनअखेरची. बरोबर एक तांब्या पाणी. ते जांभ्या दगडावर ओतले की दगड पाणी पितो. शाळेच्या फरशीवर ओतले की वाहून जाते. दगडाची छिद्रे मुले बोटाने चाचपतात. मग सड्याच्या पायथ्याची झर दाखवायची आणि विचारायचे, हे पाणी कोठून आले? उत्तर आपण सांगायचे नाही. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली दिले. त्याच्या मुळाशी विटेसाठी असलेला लॅटिन शब्द आहे. जमिनीत मऊ आणि हवेत कठीण होणारा हा दगड. त्याचेच चिरे आपल्या घरांच्या भिंतींत आहेत, हे कळल्यावर मुले घरी जाऊन भिंती पाहतात.

दुसरी फेरी ऑगस्टअखेर. तेव्हा काळा कातळ ओळखू येत नाही. गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले आणि अधूनमधून दवबिंदू. सीतेच्या आसवांच्या मातीतील बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. कातळावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत नत्र कमी, म्हणून या वनस्पतींनी शिकार आरंभली. 'भूक' हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी फेरी मार्चमधली, सकाळी लवकर. सारे करपलेले. अशा उघड्या कातळावर टिटवी ठिपकेदार अंडी घालते. ती ओरडत डोक्यावरून फिरू लागली की थांबायचे, मागे फिरायचे. अंडी दिसली नाहीत तरी चालेल; ती का दिसत नाहीत, हाच त्या दिवसाचा धडा.

पथ्ये थोडीच आहेत. फूल तोडायचे नाही. दगड हाताने उलटायचा नाही, कारण खाली फुरसे असू शकते. पायात बंद बूट. पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस. दोन तास पुरेत.

हा विचार नवा नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून, शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण-शिक्षण शाळांत सक्तीचे करण्याचा निर्णय दिला. विषय पुस्तकात आला. मूल मात्र बहुतेक ठिकाणी बाकावरच राहिले.

यात केवळ मुलांच्या आनंदाचा प्रश्न नाही. आठ महिने उजाड दिसणाऱ्या सड्याला आपण सहज 'पडीक' म्हणतो, आणि पडीक जमिनीवर काहीही उभारायला कोणाची हरकत नसते. वेर्ण्याच्या पठारावर कारखाने उभे राहिले. इतरत्रही कातळ चिऱ्यांसाठी कापला गेला, घरांखाली गेला. विकास नको, असे मी म्हणणार नाही; माझ्याही घराच्या भिंती चिऱ्यांच्याच आहेत. परंतु निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाने तरी लहानपणी तो दगड पाणी पिताना पाहिलेला असावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्याच्या तोंडून 'पडीक' हा शब्द सहज निघणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेला देणगी अवश्य द्या. परंतु वर्षातील एक सकाळही द्या. पंधरा मुलांमागचे ते मोठे माणूस तुम्ही व्हा. आणि एखादे मूल चिखलाचे हात घेऊन तुमच्यापाशी आले, तर त्याला हात धुवायला सांगण्यापूर्वी त्या हातात काय आहे, ते पाहा.