डाव्या बाजूचा क्लीनर

गळीत हंगाम सुरू झाला की जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीकडे येणाऱ्या रस्त्यांवर गाडी चालवणं म्हणजे निम्मा वेळ साइड देणं असतं. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर झुकलेला ऊस. समोरून हे धूड आलं की कारवाल्याने डावी चाकं डांबरावरून खाली उतरवायची, हा इथला अलिखित नियम. उजवीकडची ट्रॉली आपल्या आरशाला लागत नाही ना, हे चालकाला नीट दिसतं, कारण तो त्याच बाजूला बसलेला असतो. पण डावं चाक कुठे उतरलं? साइडपट्टीच्या मुरमावर, नालीच्या कठड्यावर, की पाचटाखाली झाकलेल्या दगडावर? हे त्याला दिसत नाही. ती कड त्याच्या डोळ्यांपासून आडवी जवळजवळ चार फूट लांब असते, आणि मध्ये दार, सीट आणि शेजारी बसलेला माणूस असतो. म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या देशात, जिथे स्टिअरिंग उजवीकडे आहे, कारला बाहेरून बसवून घ्यायची एकच गोष्ट निवडायची असेल तर ती डाव्या आरशाखाली बसणारा, चाकांकडे बघणारा एक छोटा कॅमेरा असावी. मोठा स्क्रीन नको, चकचकीत दिवे नकोत आणि चारही बाजूंचे कॅमेरेसुद्धा नकोत.

नुकसान नेमकं कशाने होतं, ते आधी पाहू. टायरवर 165/80 आर 14 असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ टायरची रुंदी 165 मिलिमीटर आणि तिच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर, रबराच्या बाजूची उंची. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला 185/65 आर 15 टायर असेल तर ही उंची 120 मिलिमीटरवर येते. चाक मोठं, रुबाबदार, आणि रबर मात्र कमी. त्यात गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो तो वेगळाच. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फूटपाथच्या कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर असावी असं आहे. म्हणजे अगदी नियमात बांधलेली कड टायरच्या रबरापेक्षा उंच असू शकते! गाडी तिला चिकटली की रबर तर घासतंच, शिवाय अलॉयची किनारही दगडावर खरवडते. जुनी पत्र्याची डिस्क ठोकून सरळ करता येई. अलॉय ओरखडतं, आणि जोरात बसलं तर तडकतं.

तीर्थपुरीत फूटपाथ फारसे नाहीत, मग हा हिशेब इथे कशाला, असं कुणी म्हणेल. इथल्या कडा वेगळ्या आहेत आणि काही बाबतींत जास्त वाईट आहेत. सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा सिमेंट चढलं की त्याची कड बाजूच्या जमिनीपासून वीतभर उंच होते. त्या कडेवरून चाक खाली उतरताना एकच धक्का बसतो. खरं नुकसान परत चढताना होतं. चालक स्टिअरिंग हळूहळू उजवीकडे घेतो, चाक कडेला जवळजवळ समांतर घासत राहतं आणि टायरची सगळ्यात पातळ जागा, त्याची बाजू, करवतीवर धरल्यासारखी होते. आतले धागे तुटले की चार दिवसांनी तिथे फुगा येतो. फुगा आलेल्या टायरचं पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. जालना जिल्हा सळईसाठी प्रसिद्ध आहे, पण फुटक्या नालीच्या कठड्यातून बाहेर डोकावणारी सळई टायरच्या बाजूला भेटली तर त्या प्रसिद्धीचं कौतुक राहत नाही. आणि विमा? खाजगी कारच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरलं जात नाही. त्याच वेळी गाडीलाही मार लागलेला असेल तरच टायरची भरपाई, तीही नव्याच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. आणि क्लेम केला की 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जाणारा नो-क्लेम बोनस हातचा जातो. सांगायचा मुद्दा, हा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून होतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी चालकांचा असतो: इतकी वर्षं गाडी चालवतोय, अंदाज आहे की आम्हाला. अंदाज असतो, हे खरं. पण ज्यांचा अंदाज आपल्यापेक्षा कितीतरी पक्का असतो त्या ट्रकवाल्यांकडे बघा. ट्रकच्या डाव्या बाजूला क्लीनर बसायचा तो काही सोबतीसाठी नाही. अरुंद जागेत तो दाराबाहेर मान काढून चाकाकडे बघायचा, ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचा, आणि थांबायचं असलं की दाराच्या पत्र्यावर थाप मारायचा. एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी देतो, तेही त्याचसाठी. उजवीकडे बसलेल्या माणसाला डावी बाजू दुसऱ्याने बघून सांगावी लागते, हे या धंद्याने कधीच मान्य केलेलं आहे. कारच्या चालकाने ते कबूल करायला कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डावा आरसा खाली वळवला की मागचं चाक दिसतं, फुकटात. दिसतं, आणि रिव्हर्समध्ये तसं जरूर करावं. काही गाड्यांत तर रिव्हर्स टाकला की आरसा आपोआप खाली झुकतो. पण साइड देताना गाडी पुढे चाललेली असते. त्या वेळी आरसा जमिनीकडे वळवून ठेवला तर डाव्या अंगाने घुसणारी मोटारसायकल दिसायची कशात? शिवाय आरशात मागचं चाक येतं, पुढचं डावं चाक कधीच येत नाही. दोन्ही चाकं एकाच वाटेने जातात असंही नाही. वळणावर मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं असेल तर लहान कारमध्येही हा फरक जवळजवळ तीन फुटांचा होतो. गल्लीच्या तोंडाशी पुढचं चाक कोपऱ्यापासून छान सुटतं आणि चालक निर्धास्त होतो. मग मागून ‘कर्रर्र’ ऐकू येतं. म्हणून दोन्ही डावी चाकं आणि त्यांच्या बाजूची हातभर जमीन एकाच चित्रात दिसणं महत्त्वाचं, आणि हे काम रुंद भिंगाचा कॅमेराच करू शकतो.

मग मागचे सेन्सर आहेतच ना? 1 जुलै 2019 पासून नव्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, ते चांगलंच झालं. पण ते मागच्या बंपरमध्ये असतात, मागचं ओळखतात. बाजूची बुटकी कड त्यांच्या टप्प्यात येत नाही. चारही बाजूंचं चित्र जोडून गाडी वरून दाखवणारी 360 अंशांची यंत्रणा निसानने 2007 मध्ये आणली, आणि पुढे ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही आली. कंपनीने बसवून दिली असेल तर उत्तम. बाहेरून बसवायला मात्र मी सांगणार नाही. चार कॅमेऱ्यांची चित्रं शिवून एक करताना नेमके कोपरे, म्हणजे चाकाजवळची जागा, वाकडी होते. वरून बघितल्यावर कड किती उंच आहे हेही समजत नाही. गट्टूची सपाट पट्टी आणि वीतभर उंच कठडा जवळपास सारखेच दिसतात. एकच कॅमेरा आरशाच्या उंचीवरून तिरका बघतो, तेव्हा कठड्याची उभी बाजू आणि सावली दिसते.

कायद्याची भीती घालणारेही असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी गाडीच्या मूळ, नोंदलेल्या स्वरूपाशी विसंगत बदलांना मनाई केली आहे. आरसा काढून त्याच्या जागी कॅमेरा लावला तर माझ्या मते ते त्या मनाईच्या जवळ जाईल. आरसा जागेवर ठेवून त्याच्या खाली बोटाएवढा कॅमेरा लावणं मला तसलं वाटत नाही. खरी काळजी वायरिंगची. कंपनीच्या वायरी सोलून जोड मारला तर वॉरंटीवरून वाद होतो. वीज फ्यूज बॉक्समधून वेगळा फ्यूज लावून घ्यावी. वायर दाराच्या रबरी नळीतूनच आत आणावी, नाहीतर आरसा मिटताना किंवा दार लावताना ती चेपते. काचेच्या कडेच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्यापुढून अजिबात नेऊ नये. अ‍ॅक्सेसरीजवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नेऊ नये.

काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात भिंगावर चिखल बसणार, हा आक्षेप मात्र मला मान्यच आहे. कॅमेरा निदान आयपी 67 दर्जाचा, म्हणजे धूळ आत न घेणारा आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा, घ्यावा. धुलाईच्या जोरदार फवाऱ्यापासून तरीही जपावा. आणि गाडीत बसण्याआधी काच पुसतो तसं भिंगही बोटाने पुसावं.

राहता राहिला सगळ्यात सरळ प्रश्न: कडा नीट बांधणं हे नगरपंचायतीचं आणि बांधकाम खात्याचं काम नाही का? आहेच, आणि ते मागत राहिलं पाहिजे. पण साइडपट्टी भरली तरी गाडी कडेला घ्यावीच लागणार. आणि कडेला फक्त दगड असतात असं नाही. ओट्यावरून उतरलेलं रांगतं पोर डाव्या चाकाजवळ असेल तर ते खिडकीच्या काचेतून दिसत नाही; कॅमेऱ्यात दिसतं. चाकाच्या खर्चाचा सगळा हिशेब बाजूला ठेवला तरी हे एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

बसवल्यावर एक काम करून घ्यावं. सपाट जागी गाडी उभी करा, डाव्या चाकांपासून एक वीत अंतरावर चुन्याची सरळ रेघ ओढा आणि स्क्रीनवर ती जिथे दिसते तिथे पातळ टेप चिकटवा. चित्र डावं-उजवं उलटं दिसत असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांच्या केबलमधून एक छोटा वायरचा फास बाहेर आलेला असतो, तो कापला की सुलटं होतं. आधी बसवणाऱ्याला विचारून घ्या, कारण तसाच दुसरा फास स्क्रीनवरच्या रेघांचा असतो. कॅमेरा चालू करायला हाताशी वेगळं बटण ठेवा. इंडिकेटरवर जोडला तर साइड देताना इंडिकेटर द्यायचं राहिलं की कॅमेराही राहील. आणि समोरून डबल ट्रॉली येताना दिसली की बटण आधी दाबा, मग चाक खाली उतरवा.